सागा उगवत नाही, मनागू कडू होतो: नैरोबीच्या परसबागेत इथल्या पालेभाज्या

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पार्कलँड्समध्ये तुमच्या घरामागे लहानसं अंगण आहे. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक उत्तम येतात. मार्चच्या पावसात तुम्ही हौसेने सागा, मनागू आणि म्रेंडा या इथल्या तीन भाज्या पेरल्या. सागा जवळपास उगवलाच नाही, म्रेंडा तुरळक उगवला. मनागू भसाभस उगवला, पण दाटीत खुरटून लवकर फुलला आणि त्याची भाजी इतकी कडू झाली की मुलांनी ताटं बाजूला सारली. आता तुम्ही विचारताय की दोष बियाण्याचा, मातीचा की हाताचा. मनागूची फळं मुलांनी तोंडात घातली तर काय. आणि हे बी नाशिकला बहिणीकडे नेता येईल का.

घरांच्या आणि शाळांच्या आवारात भाजीचे वाफे लावून देणं हे माझं इथलं काम आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्यांत आपली मराठी, गुजराती मंडळी असतात तशीच नैरोबीत जन्मलेली, गावाकडची शेती न पाहिलेली किकुयू आणि लुह्या समाजांतली मुलंही असतात. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ असं अजिबात मनाला लावून घेऊ नका. माती तुमची चांगलीच आहे, नाहीतर मेथी आली नसती. अडचण एकच झाली. तिन्ही बियांना तुम्ही मेथीसारखं वागवलंत. मेथीचं बी शेकडो पिढ्या माणसाच्या हाताखाली राहिलेलं आहे. ओल लागली की उठतं. सागा, मनागू, म्रेंडा यांच्या बियांत रानटीपणा अजून शिल्लक आहे. एकाचं बी झोपलेलं असतं, एकाची साल पाणी आत घेत नाही, एकाच्या गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. आणि उगवल्यावर या भाज्या सतत खुडल्या नाहीत तर त्या लगोलग फुलोऱ्याच्या मागे लागतात. पेरणीआधीची बियाची तयारी आणि नंतरची खुडणी, या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी काम सोपं आहे.

बियाणं असं कच्चं का राहिलं, त्याला कारण आहे. वसाहतकाळापासून इथल्या शेतीखात्यांचं सगळं लक्ष कोबी, केल, टोमॅटो या बाहेरून आलेल्या पिकांवर होतं. सागा आणि मनागू यांची गणना तणांत किंवा गरिबांच्या खाण्यात व्हायची, त्यामुळे त्यांचं बी निवडून सुधारण्याचं काम फार उशिरा सुरू झालं. ते ज्यांनी नेटाने उभं केलं त्यांत प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागेल. लहानपणी अंडी, दूध, मासे, मांस काहीच न सोसल्यामुळे त्या याच पालेभाज्यांवर वाढल्या, पुढे जोमो केन्याट्टा विद्यापीठात उद्यानविद्येच्या प्राध्यापक झाल्या आणि बियाची उगवण, खतांची गरज, पोषणमूल्य अशा अंगांनी त्यांनी या भाज्यांचा अभ्यास केला. 2010 साली आफ्रिकी संघाचा क्वामे न्क्रुमा वैज्ञानिक पुरस्कार त्यांना मिळाला. आज नैरोबीच्या सुपरमार्केटात मनागूच्या जुड्या दिसतात त्यामागे अशा लोकांची मेहनत आहे. तरीही बाजारात सुटं विकलं जाणारं बी अजून एकसारखं नसतं, हे धरूनच चालायचं.

आता सागा, कारण सगळ्यांत जास्त निराशा तोच करतो. लुओ लोक त्याला अकेयो म्हणतात, किसीकडे चिन्सागा, किस्वाहिलीत मगागानी. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात आणि बांधावर उगवणारी पांढरी तिळवण म्हणजे हेच झाड. पाच बोटांसारखं पान, खोडावर चिकट लव, कधी हिरवं तर कधी जांभळट देठ, आणि पांढऱ्या फुलातून बाहेर आलेले लांब केसर. बी तळहातावर घेऊन भिंगातून पाहा: काळपट, मोहरीहून जरा लहान, एका बाजूने आत वळलेलं आणि पाठीवर खरखरीत रेघा. हे बी शेंगेतून काढल्याबरोबर पेरलं तर उगवत नाही. काढणीनंतर तीन ते सहा महिने ते झोपेतच असतं. पावसाच्या शेवटी गळलेलं बी लगेच उगवलं तर पुढच्या कोरड्या महिन्यांत रोप मरेल, म्हणून झाडाने ही सोय केलेली आहे. तुम्ही ज्या मामा मबोगाकडून, म्हणजे भाजीवालीकडून, बी घेतलंत तिने बहुधा नुकतंच झोडपलेलं, ताजं बी दिलं असणार. भाजी विकणाऱ्या बाईला ताजेपणाचीच सवय, यात तिचा काही दोष नाही. पुढच्या वेळी ‘ताजं आहे का’ असं न विचारता ‘कधी काढलंय’ असं विचारा.

दुसरी गोष्ट उजेडाची. साग्याच्या बियाला उजेड मानवत नाही, अंधारात ते चांगलं उगवतं. कोथिंबिरीसारखं वरवर भुरभुरवून हात फिरवला की निम्मं बी उघडं राहतं आणि तसंच पडून राहतं. बोटाने उथळ चर ओढा, बी टाका, वर अर्धा ते एक सेंटीमीटर बारीक माती आणि तळहाताने दाबून घ्या. त्याहून खोल गेलं तर बारीक अंकुराला वर येता येत नाही. तिसरी गोष्ट उबेची. या बियाला तिशीच्या आसपासचं तापमान आवडतं. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटरवर. जून ते ऑगस्ट इथे ढगाळ आणि गार. त्या दिवसांत सागा पेरू नये. उगवला तरी पिवळा पडून वितभरही वाढत नाही. मार्चचा मोठा पाऊस किंवा ऑक्टोबरचा छोटा पाऊस सुरू होताना, जमीन तापलेली असताना पेरावा.

पेरण्याआधी बियाची परीक्षा घ्या, त्याला काही खर्च नाही. वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, डबा फ्रीजच्या माथ्यावर ठेवा. तिथे ऊबही असते आणि डब्यात अंधारही. आठवड्यात दहा-बारा बियांना मोड आले तर बी पेरण्याजोगं झालं. दोन-तीनच उगवल्या तर उरलेलं बी कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवून द्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. बरेच जण या टप्प्यावर बी फेकून देतात आणि पुन्हा ताजं बी आणतात, म्हणजे पुन्हा तेच.

साग्याचं सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते बसत नाही. जागच्या जागी पेरायचं, ओळींत एक फूट अंतर ठेवायचं, आणि रोपं चार-पाच पानांची झाली की विरळणी करून दोन रोपांत चार ते सहा इंच ठेवायचे. उपटलेली रोपं मूळ कापून भाजीत घाला, ती सगळ्यांत कोवळी असतात. विरळणीला हात कचरतो हे मला माहीत आहे, पण दाट सागा हा फुलोऱ्याला निघालेला सागाच समजा.

रोप वीतभर झालं की, म्हणजे पेरल्यापासून साधारण पाचव्या आठवड्यात, वरचा शेंडा नखाने खुडायचा. मग बगलेतून फुटवे येतात. तेही आठवड्याला खुडायचे. शेंड्यात पानांच्या मध्ये कळ्यांचा बारीक घोस दिसायला लागला की पाने तोडण्याआधी तो घोस काढा. फूल उमललं की झाडाची सगळी ताकद शेंगांकडे जाते आणि पुढची पाने बारीक, राठ, कडू येतात. कळ्या नेमाने काढत गेलात तर तोच वाफा दीड-दोन महिने चालतो. पाण्याचा ताण पडला किंवा खत कमी पडलं तरी तो आधीच फुलतो. कोरड्या आठवड्यात एकाड एक दिवस पाणी द्या, सकाळी, थेट मुळाशी.

म्रेंड्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा उपाय एकच आणि तो हमखास आहे. आपल्याकडची मोठी चुंच ती हीच, इजिप्तमध्ये हिचीच मुलुखिया नावाची पातळ भाजी करतात. लुओ हिला अपोथ म्हणतात. हिच्या बियाची साल इतकी कडक की पाणी आत शिरत नाही. बी फडक्यात सैल बांधा, पाणी खळखळून उकळा, आच बंद करा, पुरचुंडी दहा सेकंद बुडवा आणि लगेच गार पाण्यात घाला. दहा म्हणजे दहाच. मिनिटभर ठेवलं तर बी शिजतं. मग सावलीत पसरून सुकवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. हीसुद्धा उबेची भाजी, थंडीत हात आखडते. गुडघ्याएवढी झाली की जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, फुटवे येतात. तिच्या शेंगा पिकू दिल्यात तर बी मुलांच्या आणि कोंबड्यांच्या हाती लागू देऊ नका, बियांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. पाने मात्र निर्धास्त खा.

आता मनागू. तुमचा वाफा इथेच बिघडला आणि सुधारायलाही इथेच सगळ्यांत जास्त वाव आहे. किकुयूंचा मनागू, लुओंचा ओसुगा, किसींचा रिनागू, किस्वाहिलीत मनावू. आपल्या कामोणीची ही आफ्रिकी भावंडं. वांगी, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळातली. बाजारात मनागू या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या जाती विकल्या जातात आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं. एकीची पाने तळहाताएवढी रुंद, गर्द हिरवी, फळं मोठी आणि पिकल्यावर जांभळी-काळी. दुसरीची पाने लहान, झाड बुटकं आणि पसरट, फळं पिकल्यावर नारिंगी. रुंद पानाची चवीला सौम्य, नारिंगी फळाची चांगलीच कडू. पश्चिम केनियातल्या कित्येक घरांत कडूच हवी असते, त्याशिवाय त्यांना उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, जेवल्यासारखं वाटत नाही. तुमच्या घरी मुलांसाठी रुंद पानाचीच लावा. पाकिटावर चित्र असतं, सुटं बी घेताना फळाचा रंग विचारा.

हे बी फार बारीक असतं आणि तुम्ही ते चिमटीने थेट वाफ्यात पेरलंत, त्यामुळे दाटी झाली. मनागूची रोपं करून लावावी. बी चारपट कोरड्या वाळूत किंवा राखेत मिसळून एका पसरट कुंडीत ओळींनी पेरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि झारीने पाणी घाला. धार लावली तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. महिनाभरात रोपं चार ते सहा खऱ्या पानांची होतात. मग संध्याकाळी वाफ्यात लावा, रुंद पानाची जात असेल तर दोन रोपांत फूटभर अंतर. लावल्यावर दोन-तीन दिवस सावलीला केळीचं पान किंवा जुनं गोणपाट धरलं तर मर होत नाही.

लागवडीनंतर महिन्या-सव्वा महिन्याने मुख्य खोडच वीतभर उंचीवर तिरकं कापा. नवख्यांना हे अघोरी वाटतं, पण त्याखालच्या प्रत्येक पेरातून जाड, कोवळे फुटवे निघतात आणि पुढची सगळी भाजी त्यांच्यावरच मिळते. दहा-बारा दिवसांनी फुटवे कापायचे, प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी दोन पाने राखायची. दर दोन कापण्यांनंतर मुठीएवढं कुजलेलं शेणखत झाडाभोवती घालून माती सारखी करा. पांढऱ्या फुलांचे झुबके दिसले की खुडून टाका. एक-दोन झाडं मात्र कोपऱ्यात बियासाठी मोकळी सोडा, त्यांना कात्री लावू नका.

कडूपणाची तुमच्या वाफ्यातली कारणं मला तीन दिसतात: जात कडू असावी, दाटीमुळे झाडं लवकर फुलली, आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे मे संपता संपता पाणी कमी पडलं. तहानलेल्या झाडाची जून पाने नेहमीच जास्त कडू. युरिया टाकून हे सुधारायच्या मागे लागू नका. पाने गर्द दिसतात, पण पालेभाज्या जादा नत्र नायट्रेटच्या रूपात पानांत साठवतात आणि ते मुलांच्या पोटात जाणं बरं नाही. शेणखत किंवा कंपोस्ट पुरेसं आहे.

मनागू जिथे लावाल तिथे आधीच्या हंगामात टोमॅटो, वांगी, बटाटा किंवा मिरची नसावी. एकाच कुळातली असल्यामुळे मर आणि करपा दोन्ही एकातून दुसऱ्यात जातात. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत पानांच्या खाली लाल कोळी ही बारीक कीड बसते. पाने वरून पिवळे ठिपके पडल्यासारखी दिसतात. केनियाच्या गुलाबशेतीत झालेल्या अभ्यासात साग्याची झाडं जवळ असली की लाल कोळी दूर राहतो असं दिसलं आहे. त्यामुळे मी दोन ओळी मनागूच्या, मध्ये एक ओळ साग्याची, असंच लावून देते. मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. फार झाला तर निंबोळी अर्क, पण फवारल्यावर आठवडाभर ती पाने खायची नाहीत.

मूळ उपटल्यावर त्यावर गाठी दिसल्या तर समजा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म जंत, आहेत. अशा वाफ्यात पुढच्या हंगामात मिटो पेरा. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात ना, त्याच्याच वंशातली ही भाजी, शेंग वाळली की तशीच खुळखुळते. मिटो जमिनीतल्या सूत्रकृमींची संख्या कमी करतो, मुळांवर नत्र बांधतो आणि वर खायला पालाही देतो. त्यातही कडू आणि सौम्य असे दोन प्रकार आहेत. पोपटी पानांचा, फिकट पिवळ्या फुलाचा सौम्य. मिटोच्या बिया आणि शेंगा खायच्या नाहीत, फक्त कोवळे शेंडे.

कुंडे आणि तेरेरे यांना माझी विशेष मदत लागणार नाही. कुंडे म्हणजे चवळी, मूळची आफ्रिकेचीच. कडधान्याच्या दुकानातली साबूत चवळी पेरली तरी पाला मिळतो आणि तीन-चार आठवड्यांत पहिली कोवळी पाने खुडता येतात. तेरेरे म्हणजे माठ, तो तुम्ही डोळे मिटून घ्याल. पहिल्या हंगामात हे दोन वाफ्याच्या कडेने लावा, म्हणजे सागा आणि मनागू तयार होईपर्यंत स्वयंपाकघरात काहीतरी येत राहील. नैर्ऋत्येच्या भिंतीवर मायाळू चढवा, इथे तिला न्देरेमा म्हणतात. एकदा लागली की काढायला सांगावं लागेल इतकी वाढते.

पार्कलँड्सची माती तांबडी, निचऱ्याची. पण हे वाचणाऱ्यांत एंबाकासी, स्योकिमाऊ, अथी रिव्हरकडचेही असतील. तिकडची माती म्हणजे आपली काळी कापसाची माती, पावसात चिखल आणि उन्हात भेगा. तिथे सपाट वाफ्यात साग्याची मुळं सडतात. वाफा जमिनीपासून फूटभर उंच करा, किंवा गोणीत लावा. गोणीची पद्धत नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीच्या गल्ल्यांमध्ये लोकांनी फार सुंदर चालवली आहे, आणि जागा नसलेल्या फ्लॅटवाल्यांनाही ती जमेल. मोठी गोणी उभी करून कडा बाहेर दुमडायच्या. तळाशी खडी, मधोमध तळ काढलेला पत्र्याचा डबा उभा ठेवायचा. डब्यात खडी, डब्याभोवती तीन भाग माती आणि एक भाग शेणखत. माती डब्याच्या काठाशी आली की डबा वर ओढायचा आणि पुन्हा दोन्हीकडे भरायचं. असं करत वरपर्यंत गेलं की गोणीच्या पोटात खडीचा खांब तयार होतो आणि वरून घातलेलं पाणी खालच्या मातीपर्यंत सारखं पोचतं. गोणीला बाजूंनी वीत-वीत अंतरावर चिरा देऊन त्यात मनागूची रोपं लावायची. सागा बाजूला लावायचा नाही, त्याला वरच्या तोंडाशी पेरायचं.

पाण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. शहरातून वाहणाऱ्या नद्यांच्या काठी सांडपाण्यावर पिकवलेली भाजीही नैरोबीच्या बाजारात येते आणि त्यात शिसं, कॅडमियमसारखे जड धातू सापडतात. ही भाजी घरी पिकवण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण तेच आहे. तेव्हा घरच्या वाफ्याला साबणाचं पाणी घालू नका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

शिजवण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कडूपणाचा अर्धा इलाज चुलीवरच आहे. मनागूची पाने देठांपासून वेगळी करा, उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, हलक्या हाताने पिळा. क जीवनसत्त्व थोडं जातं, पण कडू म्हणून टाकून दिलेल्या भाजीतून तर काहीच मिळत नाही. मग कांदा-टोमॅटो परतून त्यात भाजी आणि शेवटी अर्धी वाटी दूध किंवा साय, मंद आचेवर आटू द्यायची. निम्मा तेरेरे मिसळला तर मुलांना कळतही नाही. सागा किसी आणि कालेंजिन घरांत दुधात मुरवतात: उकडून, पिळून, दुधात शिजवून रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घालून गरम करतात. दुसऱ्या दिवशीची चव खरोखर वेगळी, कडूपणा मागे जातो आणि एक खमंगपणा उरतो. बाळंतिणीला हा देण्याची तिकडे रीत आहे. पश्चिम केनियात शेंगदाणे वाटून घालतात, म्हणजे आपल्या दाण्याच्या कुटाला इथे परकं वाटायचं कारण नाही. म्रेंडा कुंडेच्या पानांबरोबर शिजवतात आणि त्यात राखेचं गाळलेलं खारं पाणी घालतात. तुम्ही चिमूटभर सोडा घाला, जास्त नको. बुळबुळीतपणा हाच त्याचा गुण आहे. तो घालवायला गेलात तर म्रेंडा लावण्यात काही अर्थ राहत नाही. माझ्या घरी मनागूची ताकातली भाजी होते, बेसन लावून, वर लसणाची फोडणी. एकदा करून पाहा.

पश्चिम केनियात काकामेगाकडच्या इसुखा लोकांनी आपल्या अशा पारंपरिक भाज्या आणि त्या रांधण्याच्या पद्धती शाळांच्या मदतीने नोंदवून ठेवल्या आणि युनेस्कोने 2021 मध्ये वारसाजतनाचा चांगला नमुना म्हणून केनियाच्या या कामाची नोंद घेतली. तुमच्या घरी कामाला येणारी बाई पश्चिमेकडची असेल तर तिला नुसतं विचारा. बी कुठलं चांगलं, कितपत उकळायचं, हे ती पाकिटापेक्षा नेमकं सांगेल.

मनागूच्या फळांबद्दल: हिरवी फळं अजिबात खायची नाहीत, त्यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं असतात. काही ठिकाणी मुलं पिकलेली फळं खातात, पण बागेत जाती मिसळलेल्या असतात, म्हणून मी घरात सरसकट नियम करायला सांगते की या झाडाची पानेच खायची आणि तीही शिजवून. मुलाने मूठभर हिरवी फळं खाल्ली असं दिसलं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. बियासाठी सोडलेल्या झाडांची फळं पूर्ण जांभळी झाली की हातमोजे घालून पाण्यात चुरडा, कारण रंग बोटांवरून जाता जात नाही. तरंगणारा गर ओतत जा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा बी धुवा. गर राहिला तर तोच पुढे उगवण रोखतो. मग सावलीत, कागदावर नको, थाळीत वाळवा. कागदाला ते चिकटून बसतं.

आणि नाशिक. बी सामानात घालून नेऊ नका. परदेशातून पेरणीचं बी आणायला भारतात 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि इथल्या खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर पाकीट काढून घेतील, आणि ते योग्यच आहे, कारण बियाबरोबर रोगही जातात. त्याची गरजही नाही. बहिणीला सांगा की पांढरी तिळवण, मोठी चुंच, चवळी, मायाळू सगळं तिकडे आहेच. कामोणी मात्र रानातून आणताना ओळखणाऱ्या बाईला बरोबर न्यावं. धोत्र्याची कोवळी रोपं त्याच जागी उगवतात आणि ती चुकून भाजीत गेली तर जिवावर बेततं. तिळवणीपासून सुरुवात केली तर उत्तम. भाद्रपद-आश्विनात शेंगा पिवळ्या पडल्या की फुटायच्या आत काढून, सावलीत वाळवून बी कागदी पाकिटात ठेवायचं. जूनमध्ये पेरेपर्यंत आठ-नऊ महिने झालेले असतात, त्यामुळे उगवणीचा प्रश्नच येत नाही.